बोआची मादी लांब झाली म्हणजे वयात आली नव्हे: या चुका टाळा

रत्नागिरीत आमच्याकडे बोआ (अजगरासारखा मोठा, बिनविषारी साप) बघायला आलेला प्रत्येक जण विचारतो, "ही अंडी कधी घालणार?" अंडी अजगर घालतो, बोआ थेट जिवंत पिल्लं देते. पण 'कधी' या प्रश्नावर मीही एकदा सपशेल फसलो होतो.

मादी अडीच वर्षांची होती. दर आठवड्याला भरपूर उंदीर खाऊन पाच फुटांच्या वर गेलेली, मासळी तोलायच्या काट्यावर वजनही झकास. नर सोडला, मेटिंग झालं, पोट फुगलं. आणि एके सकाळी पेटीत सापडले पिवळट, मेणाच्या गोळ्यांसारखे स्लग, म्हणजे न फळलेली अंडी. पिल्लू एकही नाही. मी आठवडाभर नरालाच दोष देत होतो!

जादा खाण्याने लांबी आणि चरबी वाढते, पण शरीर त्या वेगाने पिकत नाही. नर दीड-दोन वर्षांत तयार होतो; मादीला निदान चार वर्षं द्या, लांबी सहा फुटांच्या आसपास. (होंडुरासच्या हॉग बेटांवरच्या बुटक्या बोआंना हे माप लावू नका.) विकत घेताना जन्मतारीख विचाराच. 2024 च्या नियमांनुसार केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर बोआची नोंद करावी लागते, पिल्लांचीसुद्धा. मांडूळही बोआच्याच कुळातलं, पण 1972 च्या वन्यजीव कायद्यामुळे ते पाळायचं नावच काढू नका.

दरवर्षी पिल्लं घेणं ही दुसरी चूक. गाभण मादी कित्येक महिने नीट खात नाही. पाठीचा कणा वर दिसत असेल तर ते वर्ष सोडा. उलट दहा-बारा वर्षांची, कधीच पिल्लं न दिलेली थुलथुलीत मादी मी तरी लावत नाही. म्हातारपणाचं मात्र उगाच भय नको: फिलाडेल्फियाच्या प्राणिसंग्रहालयातला पॉपआय नावाचा बोआ 1977 मध्ये गेला तो चाळिशी ओलांडून.

वय बरोबर असूनही जुळत नसेल तर आधी हीटर बघा. डिसेंबरात रात्री पेटीचं तापमान 23-24 अंशांपर्यंत उतरू द्या. अंडोत्सर्गानंतर (बीजकोशातून अंडी सुटल्यावर) मादी कात टाकते, ती तारीख भिंतीवर लिहा. तिथून पिल्लांना साधारण 100 ते 120 दिवस लागतात, म्हणजे आपल्याकडे ऐन आषाढ-श्रावण, जेव्हा लाइट हमखास जाते. त्याच मादीने पाचव्या वर्षी 19 पिल्लं दिली, तेव्हा पेटीवर गोधडी होती आणि बाजूला गरम पाण्याच्या चार बाटल्या.