नाशिकच्या द्राक्षपट्ट्यात वाइन-चाखणीची सहल कशी करावी

मुंबई-पुण्याहून नाशिकला वाइन चाखायला जाणारी बहुतेक मंडळी पहिल्या खेपेला एकच चूक करतात, आणि मीही ती केली होती. पहाटे निघायचे, वाटेत भरपेट न्याहारी करायची, दिवसभरात चार वायनऱ्या उरकायच्या आणि रात्री घरी परतायचे, असा आमचा बेत होता. तिसऱ्या ठिकाणी पोहोचेपर्यंत पांढरी आणि तांबडी यांपलीकडचा फरक जिभेला कळेनासा झाला होता, आणि चौथ्या ठिकाणाचे म्हणाल तर मला तिथला वाहनतळ तेवढा आठवतो. तेव्हापासून मी दिवसाला दोनच वायनऱ्या ठेवतो. त्यांतल्या एकीची मार्गदर्शकासह पूर्ण फेरी, दुसरीत केवळ चाखणी आणि दोहोंच्या मधे निवांत जेवण, एवढ्यात दिवस भरतो.

सहल कोणत्या महिन्यात करायची, हे आधी ठरवावे. युरोपात द्राक्षांची तोडणी सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास होते. नाशिकमध्ये ती साधारण जानेवारी ते मार्च या काळात चालते. आपल्या हवामानात वेल थंडीने गाढ झोपत नाही, म्हणून बागायतदार त्याची वर्षातून दोनदा छाटणी करतात. एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी होते आणि पावसाळा सरता सरता गोडी छाटणी होते. पीक मात्र एकदाच, गोडी छाटणीनंतर घेतले जाते. घडांनी लगडलेली बाग आणि तोडणी पाहायची असेल तर फेब्रुवारी सर्वांत चांगला. ऑक्टोबरमध्ये गेल्यास छाटलेल्या काड्यांखेरीज बागेत फारसे काही दिसणार नाही. पावसाळ्यात द्राक्षे नसतात, पण गंगापूर धरणाचा परिसर हिरवागार असतो, गर्दी कमी असते आणि तळघरातली फेरी बाराही महिने घेता येते. शक्य असल्यास आठवड्याचा मधला दिवस निवडावा. रविवारी एका फेरीत तीस-चाळीस जण कोंबलेले असतात आणि मागच्या रांगेतल्यांना मार्गदर्शकाचा एक शब्दही ऐकू येत नाही.

नकाशावर या पट्ट्याचे ढोबळ तीन भाग पाडता येतात. पहिला शहराच्या पश्चिमेला गंगापूर धरणाच्या बाजूचा. सुला, यॉर्क आणि सोमा या वायनऱ्या इथे एकमेकींपासून थोड्याच अंतरावर आहेत. राजीव सामंत यांच्या सुलाने 2000 साली पहिली वाइन बाजारात आणली आणि 2005 मध्ये आपले चाखणी-दालन उघडले. नाशिकची वाइन-सहल म्हणून आज जे ओळखले जाते त्याची सुरुवात तिथून झाली. दुसरा भाग उत्तरेकडचा दिंडोरीचा, जिथे शांदों ही फेसाळ वाइनसाठी ओळखली जाणारी कंपनी आहे. तिसरा इगतपुरी तालुक्यातला. मुंबईकडून येताना हा आधी लागतो. सांजेगावची ग्रोव्हर झाम्पा आणि मुकणे धरणाकाठची व्हॅलोने या वायनऱ्या इथल्या. एका दिवसात एकच भाग धरावा. नवख्याने गंगापूरपासून सुरुवात करावी, कारण तिथे मोठी आणि लहान अशा दोन्ही प्रकारच्या वायनऱ्या एकाच फेरीत पाहता येतात. मोठ्या ठिकाणी यंत्रसामग्री आणि शिस्त दिसते, तर लहान ठिकाणी प्रश्न विचारायला उसंत मिळते. दोन्ही ठिकाणी वेळ आधी आरक्षित करावी आणि आरक्षण करतानाच फेरीत बाग आहे की फक्त तळघर, चाखायला किती प्रकारच्या वाइन मिळतील आणि सोबत खाण्याचे काही आहे का, हे विचारून घ्यावे.

रेल्वेने येणाऱ्यांनी लक्षात घ्यावे की नाशिक रोड स्थानक शहराच्या एका टोकाला आहे आणि गंगापूरच्या वायनऱ्या दुसऱ्या टोकाला, त्यामुळे मधले वीसेक किलोमीटर शहरातूनच काढावे लागतात. रिक्षाच्या भरवशावर राहण्यापेक्षा दिवसभरासाठी चालकासह गाडी ठरवणे श्रेयस्कर. स्वतःची गाडी असेल तर न पिणारा एक जण सकाळीच नक्की करावा. 'मी फक्त चाखीन' म्हणणाऱ्याच्या हाती किल्ली देऊ नये. रक्ताच्या 100 मिलिलिटरमध्ये 30 मिलिग्रॅमपेक्षा अधिक मद्यार्क आढळला तर मोटार वाहन कायद्याच्या कलम 185 नुसार पहिल्याच गुन्ह्याला 10,000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. वयाचा पुरावा सर्वांनी जवळ ठेवावा. कोरडे दिवस (मद्यविक्री बंद असलेले 'ड्राय डे') हेही पाहून घ्यावेत. ऐन हंगामातल्या 26 जानेवारीची सुट्टी साधून आलेली आणि ग्लासाऐवजी सरबतावर समाधान मानून गेलेली कुटुंबे मी पाहिली आहेत.

आता मिसळीविषयी. नाशिकला जाऊन मिसळ खाऊ नका असे सांगणे म्हणजे पंढरपूरला जाऊन विठोबाचे दर्शन टाळा असे सांगण्यासारखे आहे, हे मला मान्य आहे. तरीही चाखणीच्या दिवशी सकाळी ती खाऊ नये. लाल तर्रीचा तिखटपणा जिभेवर बराच वेळ रेंगाळतो, आणि त्यावर घेतलेली कोणतीही वाइन आधी जाळ आणि मग कडवटपणा एवढेच सांगते. मिसळ दुसऱ्या दिवशी सकाळी, परतीच्या वाटेवर खावी. चाखणीच्या दिवशी पोहे, उपमा किंवा थालीपीठ-लोणी असे सौम्य पण पोटाला आधार देणारे काहीतरी खाऊन निघावे. उपाशीपोटी तर मुळीच जाऊ नये. अत्तर लावू नये, कारण त्याचा त्रास शेजाऱ्यालाही होतो. चाखणीच्या आधीच्या तासाभरात चहा-कॉफी, तंबाखू, बडीशेप, पुदिन्याची गोळी यांपैकी काही तोंडात टाकू नये.

बागेत शिरल्यावर आधी मांडवाकडे पाहावे, म्हणजे त्याच्या अभावाकडे. खाण्याच्या द्राक्षांचे वेल आपण डोक्यावरच्या मांडवावर किंवा वाय आकाराच्या आधारावर चढलेले पाहतो. वाइनच्या द्राक्षांचे वेल बहुधा तारांच्या सरळ उभ्या कुंपणावर, ओळीने वाढवलेले असतात. मणी लहान, जाड सालीचे आणि बियांचे असतात. बाजारातल्या बिनबियांच्या थॉमसन द्राक्षांची सवय असलेल्या जिभेला ते पहिल्यांदा विचित्रच वाटतात. मात्र न विचारता मणी तोडून तोंडात टाकू नये, फवारणी नुकतीच झालेली असू शकते. गेल्या फेब्रुवारीत आमच्या मार्गदर्शकाने एक मणी दोन बोटांत चिरडून त्याचा थेंब रिफ्रॅक्टोमीटर या साखर मोजण्याच्या उपकरणाच्या काचेवर सोडला आणि ती नळी माझ्या हाती दिली. उजेडाकडे धरून पाहिले तेव्हा निळ्या-पांढऱ्या सीमेची रेघ 23 ब्रिक्सवर (ब्रिक्स म्हणजे रसातल्या साखरेची टक्केवारी) होती. बाजारातले गोड थॉमसनही बरेचदा 18 च्या आसपास असते. ही जादा साखर यीस्ट खाते आणि तिचा मद्यार्क होतो, म्हणून तोडणीचा दिवस गोडीवर आणि उरलेल्या आंबटपणावर ठरतो. ओळीच्या टोकाला गुलाबाचे झाड दिसले तर त्याबद्दलही विचारावे. भुरी रोगाची चाहूल वेलाच्या आधी गुलाबावर लागते, म्हणून ते लावण्याची जुनी चाल आहे.

कारखान्यात बहुतेकांचे लक्ष टाक्यांच्या उंचीकडे असते. माझ्या मते लक्ष तापमानाकडे द्यावे. पोलादी टाकीच्या दुहेरी भिंतीतून थंड द्रव खेळवलेला असतो आणि हंगामात बाहेरच्या पत्र्यावर दवाचे थेंब जमलेले दिसतात. पांढरी वाइन साधारण 12 ते 16 अंश सेल्सियसला सावकाश आंबवतात, जेणेकरून फळांचा वास उडून जाऊ नये. तांबडीला त्याहून अधिक उष्णता लागते, कारण तिला सालीतून रंग आणि तुरटपणा ओढून घ्यायचा असतो. काळ्या द्राक्षांचाही गर बहुतेक जातींत पांढराच असतो, सगळा रंग सालीत. लाकडी पिंपांच्या दालनात क्षणभर गप्प उभे राहून वास घ्यावा: ओले ओक, किंचित व्हॅनिला आणि सांडलेल्या वाइनचा आंबूस दर्प. 225 लिटरच्या एका पिंपात 300 बाटल्या भरतील एवढी वाइन असते. फेसाळ वाइन करणाऱ्या ठिकाणी गेल्यास फेस आणणारे दुसरे किण्वन (आंबवणे) बाटलीत होते की टाकीत, हा प्रश्न जरूर विचारावा. बाटलीतला दाब मोटारीच्या टायरच्या दुपटीहून अधिक असतो. तिची काच जाड का आणि बुचाला तारेची टोपी का, याचे उत्तर त्यात आहे.

चाखणीच्या टेबलावर प्रत्येक प्रकार साधारण 30 मिलिलिटर ओततात. क्रम बहुधा फेसाळ, पांढरी, गुलाबी, तांबडी आणि शेवटी गोड असा असतो आणि तो मोडू नये. ग्लास दांडीने धरावा, म्हणजे तळहाताची ऊब वाइनला लागत नाही. पांढऱ्या कागदावर तिरका धरून रंग पाहावा. मग न हलवता एकदा वास घ्यावा, टेबलावरच ग्लास गोल फिरवून पुन्हा घ्यावा. दोन वासांत जो फरक पडतो तोच शिकण्यासारखा असतो. लहान घोट घेऊन तो जिभेवर, हिरड्यांवर आणि टाळ्यापर्यंत फिरवावा आणि हवा असल्यास गिळावा, नको असल्यास समोरच्या भांड्यात टाकावा. आपल्याकडे थुंकण्याचा संकोच वाटतो आणि यजमानाचा अपमान होईल अशी भीतीही. प्रत्यक्षात ते भांडे त्यासाठीच ठेवलेले असते आणि वाइन बनवणारे स्वतः रोज तेच करतात. सहा प्रकार पूर्ण गिळले तर जवळपास सव्वा ग्लास पोटात जातो आणि शेवटचा, बहुधा सर्वांत महाग प्रकार वाया जातो. दर प्रकारानंतर पाणी प्यावे.

यानंतरचा टप्पा शब्दांचा आहे आणि तिथे पुष्कळ जण उगाच बिचकतात. मार्गदर्शक गूसबेरी आणि ब्लॅककरंट म्हणतो, आपण ती फळे कधी पाहिलेली नसतात आणि तरी मान डोलावतो. तसे करू नये. सोव्हिनिऑन ब्लाँ या द्राक्षाच्या पांढऱ्या वाइनमध्ये मला नुकती चिरलेली हिरवी ढोबळी मिरची आणि कैरीची साल जाणवते. ढोबळी मिरचीचा तो वास ज्या रसायनवर्गामुळे येतो तोच या द्राक्षातही असतो, त्यामुळे हा भास नव्हे. शेनिन ब्लाँ या दुसऱ्या पांढऱ्या वाइनमध्ये पिकलेला पेरू आणि खरबूज, शिराझ या तांबडीमध्ये जांभूळ आणि मिरी. तांबड्या वाइनने हिरड्या आवळल्यासारख्या होतात त्या टॅनिन नावाच्या घटकामुळे, आणि कच्ची सुपारी किंवा न पिकलेले जांभूळ चावलेल्या कोणालाही तो तुरटपणा ओळखीचा आहे. आंबट, आंबूस, तुरट, कडसर, कोरडे अशा शब्दांची आपल्या भाषेत वानवा नाही. लहान वहीत प्रत्येक वाइनसमोर असे दोन-तीन शब्द लिहून ठेवावेत. संध्याकाळी ती वही दुकानातल्या कोणत्याही पाटीपेक्षा उपयोगी पडते.

दुपारच्या जेवणात वायनरीच्या उपाहारगृहातला पिझ्झा मागवण्याआधी थोडे थांबावे. इथल्या वाइन मराठी पदार्थांबरोबर कशा लागतात हे पाहायचे असेल तर हीच जागा. तळलेल्या पदार्थांना फेसाळ वाइन फार शोभते, कारण तिचा आंबटपणा आणि फेस तेलकटपणा धुऊन काढतो. साबुदाणा वडा किंवा कोथिंबीर वडीबरोबर ती घेऊन पाहावी. किंचित गोडसर शेनिन तिखटाला सांभाळून घेते, म्हणून शेवभाजीसारख्या झणझणीत पदार्थासोबत मी तीच मागवतो. उलट, तुरट तांबडी आणि लाल तिखट यांचे जमत नाही, मद्यार्काने जाळ वाढतो आणि तुरटपणा कडवट होतो. काळ्या मसाल्याच्या मटणाबरोबर शिराझ घ्यायचीच असेल तर तिखट बेताचे ठेवायला सांगावे. खानदेशी वांग्याच्या भरिताचा धुरकट वास मात्र पिंपात मुरलेल्या तांबडीशी इतका जुळतो की त्या दोघांची गाठ पहिल्यांदा कोणी घालून दिली असेल, याचे मला कुतूहल आहे. पुरणपोळीबरोबर उशिरा तोडलेल्या द्राक्षांची गोड वाइन घ्यावी. कोरडी, म्हणजे गोडी न उरलेली, वाइन गुळापुढे निव्वळ आंबट लागते.

खरेदी शेवटी करावी आणि वहीत ज्यांच्यापुढे खूण आहे त्याच बाटल्या घ्याव्यात. पावती आणि पिण्याचा परवाना मागून घ्यावा. सुरत-वलसाडकडे परतणाऱ्यांनी मात्र बाटली घेऊच नये, गुजरातेत दारूबंदी आहे. एप्रिलमध्ये बंद गाडीच्या डिकीत तासभर राहिलेली वाइन शिजल्यासारखी होते, म्हणून बाटल्या प्रवाशांच्या भागात, टॉवेलात गुंडाळून ठेवाव्यात. घरी त्या फ्रिजवर किंवा गॅसच्या शेजारी ठेवू नयेत. अंधाऱ्या कपाटात ठेवाव्यात, त्यातही बुचाच्या असतील तर आडव्या. पांढरी पिण्याआधी दोन-तीन तास फ्रिजमध्ये ठेवावी. तांबडी 'खोलीच्या तापमानाला' प्यावी, हे म्हणणारे थंड देशांतले. आपल्या खोलीचे तापमान 34 अंश असताना तिलाही वीस मिनिटे फ्रिजचा गारवा द्यावा. बाटली उघडल्यावर बूच परत लावून फ्रिजमध्ये ठेवावी आणि दोन-तीन दिवसांत संपवावी. त्यानंतर उरलेली पेल्यात न ओतता मटणाच्या रश्श्यात घालावी.