जाड, अरुंद, तिरकी अक्षरं वापरताय? मग या चुका टाळा

बेळगाव, खानापूर, निपाणीकडं कबड्डीचं फ्लेक्स असू दे नाहीतर क्रिकेट टीमची जर्सी, सगळ्यांना एकच अक्षर पाहिजे असतं, जाड, अंगानं अरुंद आणि उजवीकडं झुकलेलं. मागणी चुकीची नाही. अरुंद असलं की कमी जागेत उंच अक्षर बसतं, जाड असलं की लांबून दिसतं आणि तिरकं असलं की त्यात पळण्याचा जोर येतो. चूक होते ती हे अक्षर तयार कसं करतात तिथं. 1957 साली आद्रियां फ्रुटिगर या अक्षरकारानं युनिव्हर्स हा टाइपफेस, म्हणजे एकाच वळणाच्या अक्षरांचा संच, आणला, त्यात साध्या बोल्डला नंबर 65 आणि बोल्ड, अरुंद, तिरक्याला नंबर 68. दोन्ही वेगवेगळे काढलेले. 65 घेऊन दाबला आणि ढकलला की 68 होत नाही, आणि आमच्याकडं नेमकं तेच चाललंय.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे कोरलमध्ये, म्हणजे कोरलड्रॉ या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये, बाजूचा हँडल धरून अक्षर आत ढकलणं. रुंदी 60 टक्के केली की क, म, प यांचे उभे दांडे पण 60 टक्क्यांवर येतात, पण शिरोरेषा आडवी, तिची जाडी आहे तेवढीच राहते. म्हणजे वर जाड पट्टी आणि खाली काड्या. मग डिझाइन करणाऱ्या पोरांना वाटतं अक्षर बारीक झालं, म्हणून वरून आउटलाइन (कडेची रेघ) चढवतात, आणि आउटलाइन आतल्या बाजूला पण वाढते त्यामुळं ध, भ, श्र, क्ष यांच्या पोटातली मोकळी जागा बुजून जाते.

एका गावच्या लक्ष्मी यात्रेतल्या कबड्डी स्पर्धेचं फ्लेक्स असंच झालं होतं. 10 बाय 4 फूट, फाइल कमिटीची पोरं दुसरीकडून करून माझ्याकडं छापायला घेऊन आली होती. ‘श्री महालक्ष्मी यात्रोत्सव’ एका ओळीत कोंबलेलं, दाबलेलं, वर पिवळी आउटलाइन. मी सांगितलं की बाबांनो, ‘क्ष्मी’ बुजलंय, दोन ओळी करूया, अर्धा तास द्या. तर म्हणे, ‘मोबाईलवर झकास दिसालंय की, लावा मशीनला, लेट झालंय.’ फ्लेक्स फाट्यावर चढला आणि रस्त्यावरनं बघितलं तर ‘महाल’च्या पुढं नुसता पिवळा गोळा. देवीचंच नाव वाचता येईना, गावातली म्हातारी माणसं चिडली, शेवटी दुसरं छापावं लागलं आणि पैसे दुप्पट गेले. अर्धा तास नव्हता म्हणणाऱ्यांचा अख्खा दिवस गेला. मोबाईलवर झूम करून सगळंच चांगलं दिसतं हो, चौकात झूम नसतो.

उपाय साधा आहे. मुळातच अरुंद काढलेला फॉन्ट घ्या. ‘खंड’ आहे, ‘टेको’ आहे, ‘एक टाइप’ या संस्थेचा ‘अनेक’ आहे, तिन्ही फुकट मिळतात. मी स्वतः ‘अनेक’चा कंडेन्स्ड बोल्ड, म्हणजे अरुंद जाड प्रकार, जास्त वापरतो, कारण त्यात कन्नडही त्याच वळणाचं मिळतं आणि बेळगावात ते रोज लागतं. जुन्या कोरलला त्याची व्हेरिएबल फाइल (सगळ्या जाड्या-रुंद्या एकातच असलेली) चालत नाही, तेव्हा स्टॅटिक, म्हणजे प्रत्येक प्रकाराच्या वेगळ्या, फाइली टाका. तरीही मजकूर बसत नसेल तर शब्द कमी करा, ‘भव्य दिव्य’ काढलं तर कुणाचं काही बिघडत नाही. आणि छापायच्या आधी ए-फोरवर प्रिंट काढून समोरच्या भिंतीला चिकटवून लांबून वाचा, मी घाईत असलो तरी हे सोडत नाही.

दुसरी चूक तिरकेपणाची. या तिन्ही फॉन्टमध्ये इटॅलिक, म्हणजे मुळातच तिरकं काढलेलं अक्षर, नाही, त्यामुळं इटॅलिकचं ‘I’ बटन दाबलं की सॉफ्टवेअर सरळ अक्षर नुसतं ढकलतं. ठ, ढ, व यांचं गोल पोट वर उजवीकडं आणि खाली डावीकडं फुगतं, उरलेल्या दोन बाजू बारीक पडतात. मी स्क्यूमध्ये (अक्षर तिरकं करायची सोय) 8 ते 10 अंशच देतो, 15 दिलं की अरुंद अक्षर पडायला आल्यागत दिसतं, आणि मोठ्या हेडिंगच्या अक्षरांचे गोल भाग नोड (कडेवरचे बिंदू) धरून हातानं सारखे करतो. वेळ जातो, पण जर्सीच्या पाठीवरचं नाव वर्षभर लोक बघतात. पत्ता, तारीख, फोन नंबर मात्र सरळच ठेवा. आणि अख्खी ओळ फिरवून वर चढवणं म्हणजे इटॅलिक नव्हे, शिरोरेषा आडवीच राहिली पाहिजे.

दोन भाषांच्या बोर्डाला ओळींमधलं अंतर विसरू नका. कर्नाटकच्या कन्नड भाषेच्या कायद्यात 2024 ला झालेल्या दुरुस्तीपासून दुकानाच्या पाटीवर 60 टक्के कन्नड आणि तेही वरच्या भागात लागतं, म्हणजे मराठीला खालची पट्टी उरते आणि मग दाबादाबी सुरू. कन्नडमध्ये ‘चिक्कोडी’ लिहिलं की दुसरा क खाली लटकतो, त्याच्याखाली ‘निपाणी’च्या वेलांट्या वर आल्या की दोन्ही एकमेकांत घुसतात. अशा वेळी मी मराठी अक्षराची उंची थोडी कमी करतो, पण अंतर सोडतोच.

जर्सीवर चिकटवायचं व्हिनाइल कापायला देताना अक्षरं वेल्ड करा, म्हणजे जोडून एकच आकार करा, नाहीतर शिरोरेषा जिथं एकमेकांवर चढते तिथं प्लॉटर (कापायचं मशीन) चिरा पाडतो आणि धुतल्यावर नाव तिथनंच उचलायला लागतं.

आउटलाइन द्यायचीच असेल तर फिलच्या (आतल्या रंगाच्या) मागं द्या, आणि स्केल विथ ऑब्जेक्टवर टिक करा, म्हणजे अक्षर लहान-मोठं केलं की आउटलाइनही त्याच प्रमाणात बदलते.

नंबरप्लेटवर हे अक्षर मागू नका, केए 22 (बेळगाव) असो नाहीतर 23 (चिक्कोडी). नियमात फॅन्सी अक्षराला मनाई आहे आणि 1 एप्रिल 2019 पासूनच्या नव्या गाड्यांना एचएसआरपी, म्हणजे ठरलेल्या नमुन्याची सुरक्षा नंबरप्लेटच लागते.

फाइल दुसरीकडं पाठवायच्या आधी कंट्रोल क्यू मारून कर्व्ह करा, म्हणजे अक्षरांचं आकारात रूपांतर करा, आणि टाइप केलेली मूळ फाइल वेगळी सेव्ह करून ठेवा, कारण पाहुण्यांचं नाव शेवटच्या रात्री बदलतंच.