किनाऱ्यावरच्या ऑनिंगची निगा: या चुका टाळा

पूर्वी खळ्यात झावळ्यांचा माटव असायचा. पाऊस सरला की घालायचा आणि मिरगाआधी उतरवायचा. हे कुणाला सांगावं लागत नसे. आता अलिबागपासून वेंगुर्ल्यापर्यंत होमस्टे, खानावळी आणि बंगल्यांच्या पुढ्यात त्या माटवाची जागा कापडी ऑनिंगने, म्हणजे भिंतीतून पुढे काढायच्या आणि रोलरवर गुंडाळायच्या छताने, घेतली आहे. माटव गेला आणि त्याच्याबरोबर उतरवायची सवयही गेली. हजारो रुपयांचं कापड लोक बाराही महिने टांगून ठेवतात आणि तीन वर्षांत फाटलं की कंपनीला नावं ठेवतात. मी ऑनिंग बसवतो आणि दुरुस्त करतो. दुरुस्तीला येणाऱ्या कापडांत उन्हाने गेलेली थोडी असतात, माणसांनी घालवलेलीच जास्त.

कापड कोणतं आहे हे न बघता धुवायला घेणं

दुकानात सगळ्यालाच ‘वॉटरप्रूफ कापड’ म्हणतात, पण किनाऱ्यावर ढोबळमानाने तीन प्रकार दिसतात. पहिलं ॲक्रिलिक. यात धागा तयार होण्याआधीच रंग मिसळलेला असतो, म्हणून कापलेल्या कडेला सूत आतपर्यंत रंगीत दिसतं. दुसरं पॉलिएस्टर, त्याच्या मागच्या बाजूला पाणी अडवणारा पातळ लेप असतो. तिसरं पीव्हीसी चढवलेलं, दोन्ही बाजूंनी गुळगुळीत, ट्रकवर टाकतात त्या जातीचं. तिघांना साबण चालतो, पण क्लोरीनचं ब्लीच फक्त पहिल्यालाच चालतं, तेही पातळ करून. बिलावर कापडाचं नाव लिहून घ्या आणि बिल जपून ठेवा. पुढची सगळी निगा त्या एका शब्दावर ठरते.

ओलं कापड गुंडाळून ठेवणं

माझ्या मते सगळ्यात मोठी चूक हीच, म्हणून हिच्याबद्दल सविस्तर सांगतो.

आपल्याकडे दिवसभर समुद्रावरून खारे वारे येतात. त्यांच्याबरोबर आलेलं मीठ कापडावर बसतं आणि डोळ्यांना दिसत नाही. हवेतली आर्द्रता पाऊणशे टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून स्वतःच विरघळू लागतं, आणि किनाऱ्यावरच्या रात्री बहुतेक त्याहून दमटच असतात. त्यामुळे पाऊस न पडताही कापड रात्री ओलसर होतं. तेच तुम्ही संध्याकाळी बटण दाबून रोलरवर गुंडाळलंत की आत ओल, धूळ, अंधार आणि ऊब एकत्र येतात. बुरशीला दुसरं काही लागत नाही. ॲक्रिलिक, पॉलिएस्टरचा धागा बुरशी खात नाही, ती वाढते वर साचलेल्या मळावर. म्हणून मळकं आणि ओलं, असं दोन्ही असलेलं कापड सगळ्यात लवकर जातं.

वेंगुर्ल्याच्या बाजूला एका होमस्टेवर लेप दिलेल्या पॉलिएस्टरचं मोटरवालं मोठं ऑनिंग होतं, मरून रंगाचं. जूनच्या पहिल्या पावसात ते भिजलं. मालकांनी बटण दाबून आत घेतलं, वर निळी ताडपत्री बांधली आणि काम झालं असं समजले. ते उघडलं थेट भाद्रपदात, चाकरमानी यायच्या वेळेला. मला फोन आला, ‘भाऊ, गणपती तोंडार इले, आता काय करूचा?’

मी पोचलो तेव्हा कापड अर्ध्यावर अडकलं होतं. थराला थर चिकटलेला, ओढलं की चर्र आवाज करत लेप सुटून येत होता. रोलरचा जेवढा वेढा, तेवढ्या अंतरावर बुरशीचे काळे पट्टे एकाखाली एक उमटले होते. तेवढ्यावर थांबले असते तरी थोडंफार वाचलं असतं. पण घरातल्या पोरांना घाई होती. विहिरीत टाकायची टीसीएल पावडर घरात उरली होती, ती त्यांनी कोरडीच ओल्या कापडावर भुरभुरली आणि हिरांच्या झाडूने घासायला लागले. पावडरचा कण जिथे जिथे टेकला तिथे पांढरा ठिपका पडला. बुरशी काळी ती काळीच राहिली. तेवढ्यात एक पोरगा संडास धुवायचं ॲसिड घेऊन आला. बाटली मी त्याच्या हातातून काढून घेतली. टीसीएल किंवा कुठलंही ब्लीच ॲसिडबरोबर मिसळलं की क्लोरीन वायू सुटतो. तो थेट फुप्फुसावर जातो, आणि पडवीसारख्या अर्ध्या बंद जागेत तर पळायलाही वेळ मिळत नाही. ऑनिंग गेलं तर नवं घेता येतं. ही एक चूक मात्र कुणीही, कितीही घाईत असलं तरी करू नये. ब्लीच आणि अमोनियावाले क्लीनरही एकत्र करायचे नाहीत, त्यांतूनही विषारी वायू निघतो.

ते कापड फेकावं लागलं. सांगाडा ठणठणीत होता. त्या वर्षी गणपतीला पुढ्यात साधी ताडपत्री बांधली गेली.

आता माझी पद्धत. पावसात भिजलेलं कापड नाइलाजाने गुंडाळावं लागलं, तर पहिली उघडीप मिळाली की ते पूर्ण बाहेर काढतो. दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापलीकडे तसं राहू देत नाही. सुकलं का हे मधल्या भागावरून ठरवत नाही. तो भाग तासाभरात सुकतो आणि माणसाला फसवतो. झालरीची दुमड, शिवणींच्या पट्ट्या आणि रोलरला लागून असलेली कड यांवर हाताची मागची बाजू ठेवून बघतो. गार लागलं म्हणजे ओल आहे. आणि गुंडाळायचं ते ऊन असतानाच, चारच्या आत. दिवेलागणीला गुंडाळलेलं कापड आतून दमटच असतं.

वर ताडपत्री बांधायची नाही. ती पाऊस अडवते तशी आतली वाफही अडवते.

बुरशी आली की आधी ब्लीचकडे धावणं

बुरशी कोवळी असेल, नुसते राखाडी डाग असतील, तर कोमट पाणी, सौम्य लिक्विड साबण आणि मऊ ब्रश पुरतो. साबण लावून पंधरा मिनिटं थांबायचं. हे थांबणंच नव्या लोकांना जमत नाही. लावला की लगेच घासायला सुरुवात. साबणाला मळ सोडवायला वेळ दिला नाही की तेच काम मनगटाने करावं लागतं, आणि त्यात कापडाचा लेप जातो. कपड्यांची डिटर्जंट पावडर नको. ती विणीत अडकून राहते आणि नंतर धूळ धरते.

ॲक्रिलिकवर डाग हटत नसतील तरच ब्लीच घ्यायचं: चार लिटर पाण्यात एक कप घरगुती लिक्विड ब्लीच आणि पाव कप सौम्य साबण. फवारा, पंधरा मिनिटं थांबा, मऊ ब्रशने घासा आणि मग भरपूर पाण्याने धुवा. हे मिश्रण कापडावर वाळू द्यायचं नाही. खाली तुळस किंवा कुंड्या असतील तर आधी हलवा. अशा धुण्याने पाणी झटकणारा थर कमी होतो, म्हणून नंतर फ्लोरोकार्बनचा स्प्रे मारावा लागतो. पाण्याचा थेंब मोत्यासारखा गोल उभा राहिला तर थर शाबूत आहे, पसरून मुरला तर गेला.

ऑनिंगला पावसाळी शेड समजणं

घडी होणारं ऑनिंग उन्हासाठी असतं. हलकी सर ते झेलतं, कोकणातला आषाढ झेलत नाही. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी, एक किलो वजन. कापड मधे थोडं झोळलं आणि एका चौरस मीटरच्या खळग्यात पाच सेंटिमीटर पाणी साचलं तर पन्नास किलो झाले. खळगा आणखी खोल होतो, आणखी पाणी येतं, आणि मग कापड पेलणारे घडीचे हात वाकतात किंवा भिंतीतला ब्रॅकेट सुटतो. पाणी वाहून जायला किमान चौदा अंशांचा उतार लागतो, म्हणजे दर मीटरला साधारण पंचवीस सेंटिमीटर. पुढ्यातून समुद्र दिसावा म्हणून ऑनिंग सपाट बसवून मागणारे बरेच भेटतात. मी त्यांना स्पष्ट नाही म्हणतो.

साचलेलं पाणी खालून काठीने ढकलून उडवणं हा आणखी एक आवडता उपाय. काठीच्या टोकाशी कापड कायमचं ताणलं जातं, आणि पुढच्या पावसात खळगा बरोबर तिथेच पडतो.

वाऱ्याचंही तेच. युरोपीय मानकात घडीच्या ऑनिंगचे वाऱ्याप्रमाणे वर्ग आहेत. त्यातला तिसरा वर्गसुद्धा ताशी ४९ किलोमीटरपर्यंतच्या वाऱ्यासाठी आहे. मे महिन्यातली वळवाची एक वावटळ त्याला पुरून उरते, वादळाची तर गोष्टच सोडा. ३ जून २०२० ला ‘निसर्ग’ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं, आणि पुढच्याच वर्षी मेच्या मध्यात ‘तौक्ते’ सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या किनाऱ्याला घासून गेलं. दोन्ही वेळा तारीख मिरगाच्या आधीची होती. म्हणून मी मेच्या दुसऱ्या आठवड्यातच कापड उतरवायला सांगतो. पर्यटकांचा हंगाम चालू असतो, मालक कुरकुरतात. तरी सांगतो.

उतरवलेलं कापड धुऊन, कडकडीत सुकवून, जुन्या सुती चादरीत सैल गुंडाळायचं आणि पोटमाळ्यावर आडव्या वाशाला टांगायचं. प्लास्टिकच्या पिशवीत नको, जमिनीवरही नको, उंदीर त्यात घर करतात. पुन्हा चढवायचं ते दसऱ्यानंतर, परतीचा पाऊस गेला की.

लाल धुळीवर आधी पाणी मारणं

जांभ्याची धूळ कोरडी असताना मऊ ब्रशने निम्म्याहून अधिक निघून जाते. त्यावर पाईप धरलात की तिचा चिखल होऊन विणीत बसतो. तो रंग लोहाचा आहे, ब्लीचने जात नाही. उगाच क्लोरीन ओतू नका. आधी झाडायचं, मग धुवायचं, एवढा क्रम पाळला तरी पुरे.

आंब्याखालचं ऑनिंग वेगळं. मोहोराच्या दिवसांत तुडतुडे गोड चिकटा सोडतात, तो थेंबाथेंबाने कापडावर पडतो आणि त्यावर काजळीसारखी काळी बुरशी चढते. लोक तिला ओलीची बुरशी समजून ब्लीच घेतात. ही काळी बुरशी साखरेवर वाढलेली असते, कोमट साबणाच्या पाण्याने साखर विरघळली की तीही निघते. मोहोर आल्यापासून फळ धरेपर्यंत आठवड्याला एकदा नुसतं पाणी मारलं तर एवढीही वेळ येत नाही.

माडाखाली ऑनिंग बसवूच नका. नारळ आणि झावळी दोन्ही कापड फाडतात.

मचूळ पाण्याने धुणं

किनाऱ्याजवळच्या कितीतरी विहिरी एप्रिल-मेमध्ये मचूळ होतात. त्याच पाण्याने ऑनिंग धुतलं तर जे मीठ काढायचं तेच पुन्हा चढतं. पाणी जिभेवर लावून बघा. खारट वाटलं तर शेवटचा हात नळाच्या गोड पाण्याचा द्या, बादलीभर का होईना.

गाडी धुवायचं प्रेशर मशीन वापरणं

करू नका. थर जातो, शिवणी उसवतात, पीव्हीसीचे पापुद्रे सुटतात.

नारळाच्या सोडणाने, लोखंडी घासणीने घासणं

हेही नको. डाग जातो, त्याबरोबर लेपही जातो.

लोखंडाकडे दुर्लक्ष

कापडावर सगळ्यांचं लक्ष असतं, बोल्टकडे कुणी बघत नाही. ॲल्युमिनियमच्या सांगाड्याला साधे एमएसचे (माइल्ड स्टीलचे) बोल्ट मारले की खाऱ्या हवेत पहिल्याच पावसाळ्यात गंज उतरतो आणि त्याचे ओघळ कापडावर येतात. स्टेनलेसमध्येही फरक असतो. ३०४ ग्रेडला समुद्राकाठी तपकिरी ठिपके येतात. ३१६ मध्ये मॉलिब्डेनम असतं, म्हणून ते मिठाला जास्त तग धरतं. थोडे पैसे जास्त जातात, ते द्या. स्टेनलेस आणि ॲल्युमिनियम थेट टेकले तर ओलीत ॲल्युमिनियम खाल्लं जातं, सांध्याशी पांढरी भुकटी दिसते. मधे नायलॉनचा वॉशर टाकायचा.

चिऱ्याच्या भिंतीत नुसते फास्टनर ठोकून ऑनिंग टांगणं हा माझ्या रागाचा विषय आहे. जांभा मऊ आणि सच्छिद्र असतो, फास्टनर फुगला की भोवतीचा दगडच चुरतो. दोन वर्षं धरतं, तिसऱ्या वर्षी वाऱ्यात बोल्ट चिऱ्याच्या तुकड्यासकट बाहेर येतो, आणि खाली खुर्च्या टाकलेल्या असतात. एक तर काँक्रीटची बीम शोधायची, नाही तर बोल्ट भिंतीच्या आरपार नेऊन आतल्या बाजूला पट्टी द्यायची. पावसाळ्यानंतर कापड चढवण्याआधी प्रत्येक ब्रॅकेट हाताने हलवून बघायचा. केसभर हलला तरी कापड चढवायचं नाही.

सांध्यांना खोबरेल किंवा इंजिन ऑईल घालू नका, पुळणीवरची वाळू त्यात चिकटते आणि सांधे घासले जातात. आधी गोड्या पाण्याने मीठ धुवायचं, सुकवायचं आणि मग कोरडा सिलिकॉन स्प्रे, तोही कापडावर उडू न देता. घडीच्या हातांमध्ये ताणलेली स्प्रिंग असते. तिथला कोपराचा स्क्रू घरी उघडू नका. ती स्प्रिंग सुटली तर हात झटक्यात उघडतो आणि हाड मोडू शकतं. हे काम कारागिराचंच.

मोटरवालं ऑनिंग घेतलंत तर हाताने फिरवायचा दांडा त्याच्याबरोबर आहे ना, ते बघून घ्या. वळीव आला की आपल्याकडे पहिली जाते ती वीज. वीज गेली की वाऱ्याचा सेन्सरही मुका आणि बटणही मुकं. दांडा कपाटात कुठेतरी ठेवू नका, पडवीच्या खुंटीला अडकवा, आणि घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाकडून तो एकदा फिरवून घ्या.