सोलापुरात धंदा सुरू करताय? महापालिकेची आणि राज्याची कागदं आधी जुळवून घ्या

दुकान टाकायचं ठरलं की पहिला प्रश्न येतो लायसन कुठनं काढायचं, महापालिकेतनं की ऑनलाइन. तर दोन्हीकडनं काढावं लागतं, आणि इकडं काय भरलंय ते तिकडच्या साहेबाला आपोआप दिसेल असं धरून चालू नका. जुळवायचं काम आपल्यालाच करावं लागतं आणि ते अर्ज भरायच्या आधी केलं तर पुढचे सहा महिने सुखाचे जातात.

आधी कोण काय देतं ते बघा. गुमास्ता म्हणजे दुकाने आणि आस्थापना कायदा, 2017 खालची दुकानाची नोंद, ती आपल्याकडं राज्याच्या कामगार खात्याकडं आहे, म्हणजे सहाय्यक कामगार आयुक्तांचं ऑफिस, आणि अर्ज ऑनलाइन. मुंबईत हेच काम तिथली महापालिका करते, त्यामुळं मुंबईवाल्यांचे व्हिडिओ बघून बरेच जण थेट इंद्रभुवनात, म्हणजे आपल्या महापालिकेच्या इमारतीत, जाऊन उभे राहतात आणि अर्धा दिवस घालवून परत येतात. कायदा आला तेव्हा 10 पेक्षा कमी कामगार असतील तर रजिस्ट्रेशन नाही, धंदा सुरू केल्यापासून 60 दिवसांत फक्त ऑनलाइन सूचना द्यायची आणि पावती घ्यायची, 10 किंवा जास्त असतील तर रीतसर नोंदणी, असं होतं. 2025 मध्ये मंत्रिमंडळानं हा आकडा 20 करायचा निर्णय घेतला, म्हणून तुम्ही भराल त्या दिवशी पोर्टलवर कुठला आकडा आहे तो वाचूनच फॉर्म निवडा, मित्राच्या जुन्या पावतीवरनं ठरवू नका.

महापालिकेकडं काय उरतं? 1949 च्या महापालिका अधिनियमात कलम 376 आहे, त्यात जो माल साठवायला किंवा जो धंदा करायला परवाना लागतो तो महापालिकेचा. यंत्रावर चालणारा कारखाना नव्यानं टाकायचा तर कलम 313 खाली आयुक्तांची परवानगी. शिवाय फायर म्हणजे अग्निशमनचा दाखला, मिळकत कर, बांधकाम हे सगळं इथलंच. खायचा माल असेल तर फूड लायसन केंद्राच्या पोर्टलवर, प्रोफेशन टॅक्स राज्याच्या जीएसटी खात्याकडं, आणि शेंगाचटणी पाकिटात भरून विकणार असाल तर वैधमापन म्हणजे वजनमापं तपासणाऱ्या खात्याची नोंदणी वेगळी, वजनकाट्यावर शिक्का वेगळा. उद्योगांसाठी राज्यानं मैत्री नावाची एक खिडकी केलीय, 2023 मध्ये त्याचा कायदाही झाला, कारखानेवाल्यांनी तिथनं सुरुवात करावी, पण त्या खिडकीतनं गेलं तरी महापालिकेचं इन्स्पेक्शन व्हायचं ते होणारच.

आता खरं काम. सगळ्यात आधी मिळकत कराची पावती हातात घ्या. जागेचा पत्ता त्यावर जसा आहे तसाच्या तसा सगळीकडं टाकायचा, पेठ, घर नंबर, मिळकत नंबर, सगळं. आपल्याकडं साखर पेठ, भवानी पेठ, दाजी पेठ असल्या ठिकाणी जुना घर नंबर वेगळा, लाइट बिलावरचा वेगळा, भाडेकरारात वकिलानं टाकलेला तिसराच. शेळगी, बाळे, देगाव, सोरेगाव ही गावं 1992 च्या हद्दवाढीत शहरात आली, तिथल्या लोकांकडं अजून गट नंबरचे कागद आहेत, त्यांनी तर झोन ऑफिसला जाऊन मिळकतीची नोंद कुणाच्या नावावर आणि कुठल्या नंबरनं आहे ते बघितल्याशिवाय पोर्टल उघडूच नये. थकबाकी असेल तर तीही आधी भरून टाका, परवान्याच्या टेबलावर पहिला प्रश्न तोच येतो.

दुसरं नाव. हे सोलापूर आहे, मराठी, कन्नड, तेलुगू सगळी घरं, एकाच माणसाचं आडनाव आधारवर पुढं, पॅनवर मागं, बँकेत नुसती इनिशियल. इंग्रजीत सिद्धेश्वरमध्ये एक डी की दोन, लक्ष्मीला एक्स की केएस, एवढ्यावरनं अर्ज परत येतो. मी सगळ्यांना सांगतो की एका कोऱ्या कागदावर आपलं नाव, फर्मचं नाव, पत्ता मराठीत आणि इंग्रजीत पॅनप्रमाणं एकदाच लिहून काढा आणि तो कागद नेट कॅफेवाल्याच्या समोर ठेवा, तो टाइप करताना तुम्ही प्रत्येक अक्षर वाचायचं, कारण सबमिट झाल्यावर दुरुस्तीला परत वेगळा अर्ज. मोबाइल नंबर आणि ईमेल तुमचाच द्या. एजंटचा नंबर टाकला की ओटीपी त्याच्याकडं, रिन्युअलचा मेसेज त्याच्याकडं, आणि उद्या तो फोन उचलत नसेल तर तुमचं लायसन तुम्हालाच उघडता येत नाही.

तिसरं पाटी. गुमास्त्यासाठी दुकानाचा पाटीसकट फोटो लागतो. 2022 च्या दुरुस्तीनंतर कामगार कितीही असोत मराठी देवनागरी पाटी सक्तीची आहे आणि दुसऱ्या लिपीतली अक्षरं मराठीपेक्षा मोठी चालत नाहीत. पाटीवाल्याला ऑर्डर द्यायच्या आधी फर्मचं नाव पक्कं करा, पाटीवर एक आणि अर्जात दुसरं असेल तर फोटोच परत येतो.

कारखान्यांबद्दल एक गोष्ट कळकळीनं सांगतो, फायरचं काम शेवटाला ठेवू नका. मे 2025 मध्ये अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेल कारखान्याला आग लागून 8 जीव गेले, मालकाच्या घरची माणसं आणि कामगार दोघंही. सुताचा माल, आत राहणारी माणसं, एकच दरवाजा, ही परिस्थिती आपल्या शहरात ठिकठिकाणी आहे. बाहेर पडायचा दुसरा रस्ता ठेवा, तिथं गठ्ठे लावू नका, आणि वर्षातनं दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, लायसनधारक एजन्सीकडनं आग विझवायची यंत्रणा चालू असल्याचा दाखला घ्यायचा असतो तो खरंच तपासून घ्या. चिंचोळी एमआयडीसी महापालिका हद्दीत नाही, त्यामुळं तिकडं जाणाऱ्यांनी कुठली परवानगी एमआयडीसीकडनं ते आधी तिथंच विचारावं.

अर्ज केल्यावर पावती, अर्ज नंबर आणि भरलेल्या पैशाचं चलन, तिन्हीचे प्रिंट फाइलला लावा. जे काम लोकसेवा हक्क कायद्यात अधिसूचित आहे, हा कायदा 2015 चा, त्याला मुदत असते आणि पदनिर्देशित अधिकारी, म्हणजे ते काम करून द्यायची जबाबदारी ज्याची तो, कोण, अपील कुणाकडं याचा बोर्ड ऑफिसात लावलेला असतो, त्याचा फोटो काढून ठेवा. मुदत गेली तर भांडत बसू नका, शांतपणे पहिलं अपील टाका. कारण नसताना उशीर केला तर अधिकाऱ्याला 500 ते 5000 रुपये दंड होऊ शकतो. उद्यम नोंदणी, म्हणजे लहान-मध्यम धंद्यांची केंद्राकडची नोंदणी, तर पूर्ण फुकट आहे, पैसे मागणारी साइट दिसली की बंद करा.

आणि जागा बदलली, पार्टनर बदलला, धंदा बंद केला तर दोन्हीकडं कळवायचं. दुकानाचं शटर ओढलं आणि पीटीईसी, म्हणजे प्रोफेशन टॅक्सचं नोंदणीपत्र, रद्द केलं नाही तर वर्षाला 2500 रुपये चढतच राहतात, वर व्याज.