कॅम्पर ट्रेलरचं पाणी येईना? पंप बदलायच्या आधी हे तपासा

मे महिन्यात आम्ही पानशेतला मुक्कामाला गेलो होतो, संध्याकाळी आमचा गाडीमागे ओढायचा, राहायची सोय असलेला ट्रेलर लावला, चहाचं आधण ठेवायला नळ सोडला तर आतून पंपाचा नुसता घर्रर्र आवाज, नळातून दोन फुसकारे, आणि पाणी नाहीच. टाकी तर निघताना माझ्या डोळ्यांसमोर भरली होती. ती रात्र पिण्याच्या जारवर काढली, पुण्यात आल्यावर दुकानदार म्हणाला पंप गेलाय, मी नवीन घेतला, बसवला, तर त्यानेही तसाच घर्रर्र आवाज काढला. दोष निघाला पंपाच्या तोंडाशी जी गाळणी असते तिच्या वायसरमध्ये. जायच्या आदल्या दिवशी मीच गाळणी धुतली होती आणि ते वायसर तिरकं बसलं होतं. जुना पंप ठणठणीत होता, अजूनही चालतोय.

म्हणून जरा सविस्तर लिहितेय. छोट्या ट्रेलरमध्ये पाण्याची यंत्रणा अगदी साधी असते, फक्त कुठून बघायला सुरुवात करायची ते कळलं पाहिजे.

आधी यंत्रणेचे दोन भाग करा

टाकी, तिथून पाइप, मग गाळणी, मग १२ व्होल्टचा पंप, आणि पंपापासून पुढे सिंक, शॉवर, गीझर. पंपाच्या आधीचा भाग म्हणजे खेचायची बाजू, पंपानंतरची म्हणजे ढकलायची बाजू. पंपात एक प्रेशर स्विच असतो, नळ सोडला की पाइपातलं प्रेशर उतरतं आणि पंप सुरू होतो, नळ बंद केला की प्रेशर भरतं आणि पंप आपोआप थांबतो. पाणी उलटं फिरू नये म्हणून पंपातच एक नॉन-रिटर्न वॉल्व्ह असतो. एवढंच आहे सगळं. बिघाड झाला की पहिला प्रश्न स्वतःला हा विचारायचा की दोष खेचायच्या बाजूला आहे की ढकलायच्या, आणि त्याचं उत्तर बऱ्याचदा पंपाच्या आवाजातच असतं.

हाताशी एक मल्टिमीटर, टेफ्लॉन टेप, दोन-तीन जुबली क्लिपा (पाइप आवळायच्या गोल पट्ट्या), जादाचे फ्यूज, टिश्यू पेपर आणि एक बादली ठेवा. पुण्यात इलेक्ट्रिकचं सामान तपकीर गल्लीत मिळतं, फिटिंग आणि क्लिपा बोहरी आळीत, पण जाताना जुना तुकडा बरोबर न्या कारण पाइपाच्या मापात अर्ध्या सुताचा फरक पडला तरी परत खेप होते.

पंप आवाजच करत नसेल

मग पाण्याकडे बघूच नका, हे काम विजेचं आहे. पंपाचा स्विच चालू आहे ना, फ्यूज उडालाय का (बहुतेक पंपांना १० अँपियरचा असतो, पंपाच्या लेबलवर लिहिलेलं असतं तोच घाला, मोठा घालू नका), आणि मग मल्टिमीटर थेट पंपाच्या वायरींवर लावून नळ सोडा. पूर्ण चार्ज झालेली लेड-अ‍ॅसिड बॅटरी आराम करत असताना साधारण १२.६ व्होल्ट दाखवते. बॅटरीवर नीट व्होल्टेज आहे पण पंपापाशी नाही, म्हणजे मधे कुठेतरी लूज कॉन्टॅक्ट आहे, आणि आपल्याकडे तो बहुतेक वेळा बॉडीच्या अर्थला असतो. पावसाळ्यात ताम्हिणीतून एकदा ट्रेलर ओढून आणला की चिखलपाणी त्या बोल्टवर बसतं आणि गंज धरतो. बोल्ट काढा, पॉलिशपेपरने घासा, परत आवळा.

वायरीवर १२ व्होल्ट येतायत आणि तरी पंप गप्प, तर त्याच्या डोक्यावर हलकी टिचकी मारून बघा, प्रेशर स्विच अडकलेला असेल तर कधीकधी सुटतो. सुटला तरी तो स्विच आता भरवशाचा नाही हे लक्षात ठेवा. बऱ्याच पंपांचा स्विच वेगळा मिळतो.

पंप फिरतोय पण पाणी येत नाही

हा आमचा पानशेतचा प्रकार, आणि इथेच लोकांचे पैसे वाया जातात, म्हणून नीट वाचा.

टाकीत पाणी आहे का ते डोळ्यांनी बघा, लेव्हलच्या लाइटवर विश्वास ठेवू नका, सेन्सरवर थर बसला की रिकामी टाकीसुद्धा भरलेली दाखवतो. टाकीकडून येणारा बॉल वॉल्व्ह उघडा आहे ना तेही बघा.

मग गाळणी उघडा. पंपाच्या आत जाणाऱ्या तोंडाशी एक पारदर्शक प्लास्टिकची वाटी असते, स्विच बंद करून ती फिरवून काढायची, खाली फडकं धरा. आमच्या जाळीत पहिल्यांदा उघडली तेव्हा पांढऱ्या प्लास्टिकच्या कुरळ्या किसाचा हा एवढा गोळा निघाला होता, खोबरं किसल्यासारखा, कारण फॅब्रिकेटरने टाकीला भोकं पाडताना निघालेला कीस आतच सोडला होता. ट्रेलर नवा असेल तर पहिल्या दोन-तीन ट्रिपनंतर गाळणी नक्की साफ करा. आणि परत लावताना वायसर खाचेत सगळीकडून बसलंय का ते बोट फिरवून बघा, वाळू-केस काही चिकटलंय का बघा, हाताने आवळा, पान्हा लावला तर वाटीला चीर जाते.

आमच्या सोसायटीत एक प्लंबर काका येतात, त्यांना मी हे सगळं दाखवलं तेव्हा ते म्हणाले, "ताई, खेचायच्या बाजूची गळती ओली दिसत नाही, ती हवा पिते." हे वाक्य मला आधी कोणी सांगितलं असतं तर नवीन पंपाचे पैसे वाचले असते. पंप खेचत असताना त्या पाइपात बाहेरच्यापेक्षा कमी दाब असतो, त्यामुळे जॉइंट ढिला असला तर पाणी बाहेर येण्याऐवजी हवा आत जाते. जॉइंट कोरडा खडखडीत दिसतो आणि दोष तिथेच असतो.

आता दोष पंपात आहे की टाकीच्या बाजूला, हे पाच मिनिटांत ठरवायची पद्धत: पंपाच्या आत जाणारा पाइप गाळणीसकट सोडवा, तिथे फूट-दोन फुटांचा दुसरा पाइप लावून त्याचं टोक पाण्याने भरलेल्या बादलीत बुडवा, सिंकचा नळ उघडा ठेवा आणि पंप चालू करा. पाणी खेचून धार लागली तर पंप चांगला आहे, दोष गाळणीत, टाकीच्या पाइपात नाहीतर वॉल्व्हमध्ये. बादलीतूनही खेचत नसेल, जॉइंट सगळे घट्ट आहेत आणि व्होल्टेजही बरोबर आहे, तरच पंपाचा डायफ्राम (पाणी ढकलणारा रबरी पडदा) किंवा आतले वॉल्व्ह गेलेत असं म्हणायचं. मी ही टेस्ट पंप विकत घेतल्यावर केली, तुम्ही आधी करा.

एक शेवटचं, टाकीचा हवा जायचा बारीक पाइप. तो बंद असेल तर टाकी भरताना पाणी तोंडातून उलट उसळतं, आणि पंप खेचताना टाकीत हवा शिरायला वाट राहत नाही म्हणून धार हळूहळू मरते. ट्रेलर महिनाभर उभा राहिला की कुंभारीण माशी त्या भोकात मातीचं घर करते, आमच्याकडे दोनदा केलंय. तारेने साफ करा आणि तोंडाला बारीक जाळी लावा.

सगळे नळ बंद, तरी पंप मधूनच टुक करतो

रात्री झोपल्यावरच ऐकू येतं हे. दर दहा-पंधरा मिनिटांनी टुर्र, आणि गप्प. याचा अर्थ पाइपातलं प्रेशर कुठूनतरी उतरतंय. एकतर ढकलायच्या बाजूला गळती आहे, नाहीतर पंपातला नॉन-रिटर्न वॉल्व्ह पाणी परत टाकीत सोडतोय.

गळती शोधायला टॉर्चपेक्षा टिश्यू पेपर बरा. पंप चालू करून प्रेशर भरू द्या, मग प्रत्येक जॉइंट आधी कोरडा पुसा, खाली टिश्यूचा तुकडा ठेवा, अर्ध्या तासाने परत बघा. थेंब डोळ्याला दिसत नाही पण कागदावर डाग लगेच उमटतो. सिंकखालचे जॉइंट, शॉवरचं मिक्सर, गीझरची दोन्ही तोंडं, सगळीकडे ठेवा. आमचा डाग निघाला सिंकच्या नळाच्या खालच्या नटापाशी, घाटातल्या खड्ड्यांनी तो अर्धा आटा सैल झाला होता. प्लास्टिकचे नट हाताने आवळून वर फक्त पाव आटा द्या, जास्त दिलात तर तडकतात.

सगळे कागद कोरडे राहिले तर पंपाचं बाहेर जाणारं तोंड सोडवून तिथे टोपी घट्ट बसवा आणि पंप चालू करा. लगेच थांबेल. तसाच थांबून राहिला तर पंप बरोबर आहे, गळती पुढे कुठेतरी आहे, परत कागद घेऊन बसा. टोपी लावूनही मधूनमधून टुक करत असेल तर दोष त्याच्या आतल्या वॉल्व्हमध्ये आहे, तिथे कचरा अडकला असेल तर उघडून धुतल्यावर सुटतो, नाहीतर वॉल्व्हचा किट बदलायचा. मुक्कामी असताना यातलं काही जमणार नसेल तर झोपताना आणि ट्रेलर सोडून फिरायला जाताना पंपाचा स्विच बंद करा. खरंतर हे नेहमीच करा, कारण एक पाइप निसटला तर पंप सगळी टाकी तुमच्या जमिनीवर रिकामी करेल.

धार बारीक येते

एकाच नळाला असेल तर नळाच्या तोंडाची जाळी फिरवून काढा, तिच्यात क्षार साठलेले असतात. पुण्यात ज्या सोसायट्यांना टँकरचं पाणी येतं आणि ते बोअरचं असतं, तिथून टाकी भरली की हे फार लवकर होतं. किराण्याच्या दुकानात लिंबूसत्व मिळतं, ते कोमट पाण्यात विरघळवून जाळी तासभर बुडवा, जुन्या टूथब्रशने घासा. सगळ्याच नळांना धार बारीक असेल तर गाळणी, मुरडलेला पाइप आणि पंप चालू असतानाचं व्होल्टेज बघा, बारीक वायर वापरली असेल तर पंपापर्यंत येईस्तोवर व्होल्टेज पडतं. धार धकधक करत येत असेल तर ते या पंपांचं चालतंच, फार त्रास वाटला तर प्रेशर साठवून धार एकसारखी ठेवणारा छोटा अ‍ॅक्युम्युलेटर बसवता येतो. नळ थुंकल्यासारखं करत असेल तर लाइनीत हवा आहे, टाकी भरल्यावर थंड, गरम, शॉवर असे सगळे एकेक करून सलग धार येईपर्यंत सोडून ठेवा.

बाहेरचा नळ थेट जोडताना

काही ट्रेलरना टाकी न वापरता बाहेरचं पाणी थेट जोडायची सोय असते. इथे प्रेशरची काळजी घ्या. पाण्याच्या दर १० मीटर उंचीला साधारण १४ पीएसआय (प्रेशर मोजायचं माप) येतं, म्हणजे तीन मजली जुन्या बिल्डिंगच्या नळाला काही होणार नाही, पण वीस मजली टॉवरच्या खाली, पार्किंगमधल्या नळाला मधे प्रेशर कमी करायची सोय केलेली नसेल तर ८० च्या वर जाऊ शकतं, आणि ट्रेलरचे पाइप-जॉइंट एवढ्यासाठी केलेले नसतात. ४०-५० पीएसआयचा प्रेशर रेग्युलेटर नळाच्या तोंडाशीच लावा, म्हणजे होजपाइपही वाचतो. आणि बाहेरचं पाणी जोडल्यावर तुमची टाकी आपोआप भरून वाहायला लागली तर तो पंपातला नॉन-रिटर्न वॉल्व्हच आहे, पाणी त्यातून उलटं टाकीत जातंय.

पाण्याला वास येतो

परदेशातले ट्रेलरवाले पाइपात बर्फ होईल म्हणून घाबरतात, आपली अडचण उन्हाची आहे. एप्रिलमध्ये बंद ट्रेलरमधलं पाणी कोमट होतं, टाकी पांढरी असून तिच्यावर उजेड पडत असेल तर शेवाळं धरतं.

फक्त गरम पाण्याला कुजक्या अंड्यासारखा वास असेल तर तो गीझरमधून येतोय, गीझर रिकामा करून धुवा आणि टाकीला गंज धरू नये म्हणून आत असलेला मॅग्नेशियमचा रॉड बघा. रिकामा करण्याआधी त्याची वीज बंद करा आणि पाणी थंड होऊ द्या.

सगळ्याच पाण्याला वास असेल तर टाकी निर्जंतुक करायची. आधी गीझर बंद करून बायपास करा, म्हणजे पाणी त्यात न जाता परस्पर पुढे जाईल असं करा. सुगंध न घातलेलं साधं ब्लीच, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट घ्या, बाटलीवर ५ टक्के लिहिलं असेल तर टाकीच्या दर लिटरला १ मिली, म्हणजे आमच्या ६० लिटरच्या टाकीला ६० मिली, १० टक्के असेल तर निम्मं. थेट ओतू नका, बादलीभर पाण्यात मिसळून टाकीत घाला, मग टाकी काठोकाठ भरा. प्रत्येक नळ क्लोरीनचा वास येईपर्यंत सोडा आणि बंद करा. कमीत कमी ४ तास तसंच ठेवा, मी रात्रभर ठेवते. सकाळी सगळं सोडून द्या, चांगल्या पाण्याने दोन-तीनदा भरून रिकामं करा, वास जाईपर्यंत. ब्लीच बरोबर लिंबूसत्व, व्हिनेगर किंवा संडास साफ करायचं अ‍ॅसिड कधीही एकत्र करू नका, विषारी क्लोरीन वायू निघतो, आणि बंद ट्रेलरमध्ये तो जिवावर बेतेल. क्षार काढायचे असतील तर ते वेगळ्या दिवशी, मधे भरपूर पाण्याने धुवून.

ट्रिपहून आल्यावर टाकीत पाणी ठेवू नका. खालचा ड्रेन उघडा, नळ सगळे उघडे ठेवा, पंप मिनिटभर चालवून लाइनीतलं उरलेलं पाणी बाहेर काढा, गाळणीची वाटी काढून उलटी वाळत घाला. आणि परत बसवताना वायसरवरून बोट फिरवा.