इंदुरात जीन्सवर साडी नेसून फिरायचंय? हे वाच

पोरगा असो की पोरगी, सुरुवात माहेश्वरीपासून कर, कारण ती हलकी असते आणि काठ दोन्ही बाजूंनी वापरता येतो, पदर उलटा पडला तरी कोणाला कळत नाही. परकर नको, जीन्सचा बेल्ट एक भोक घट्ट लाव, निऱ्या त्यात खोच आणि आतून एक सेफ्टीपिन मारच, नाहीतर स्कूटरवर बसताना अर्धी साडी हातात येते. पाय दिसतील इतकी वर नेस, खाली स्पोर्ट शूज.

पहिल्यांदा बाहेर पडायचं तर रात्री सराफ्यात जा. दिवसा सोन्याचांदीची दुकानं, रात्री खाण्याची गर्दी, लोकांची नजर तुझ्यावर कमी आणि भुट्ट्याच्या किसावर जास्त. तरी कोणीतरी विचारणारच, "भिया, शूटिंग चल रही है क्या?" हसून "हां भिया" म्हण, पुढे चल. लांबलचक भाषण देऊ नकोस, उगाच घोळका जमतो.

नातेवाईक मात्र अवघड. रामबागेतल्या मावशीला आधी आईकडून कळू दे, मग तू समोर जा, आणि ती तोंड वाकडं करायच्या आत "मावशी, महेश्वरहून आणलीय, केवढ्याला असेल सांग" असं विचार, की बाई किमतीत आणि सुताच्या पोतात अडकते (माझ्या मते हे सगळ्यात भारी हत्यार).

न विचारता फोटो काढला तर स्पष्ट "डिलीट करा" सांग. टोळकं मागे लागलं तर वाद नको, सरळ गर्दीच्या दुकानात शीर आणि मित्राला फोन लाव.