गोल्फ अकादमीचं रूप बदलताना या चुका टाळा

गोल्फ शिकवणारे ‘ब्रँड नवा करायचाय’ म्हणून माझ्याकडे येतात, तेव्हा बहुतेकांचे निम्मे पैसे खर्च होऊन गेलेले असतात. लोगो तयार, टी-शर्ट छापलेले, आता फक्त निस्तरायचं. चुका दरवेळी त्याच.

सगळ्यात जास्त चीड येते ती उलट्या फोटोची. एका अकादमीनं रेंजच्या, म्हणजे सरावाच्या मैदानाच्या, तोंडाशी भलामोठा फ्लेक्स लावला होता. खेळाडूचं तोंड मजकुराकडे हवं म्हणून डिझायनरनं फोटो आरशातल्यासारखा फिरवला. टी-शर्टवरची अक्षरं उलटी दिसायला लागली, तर ती पुसून टाकली. हातमोजा मात्र तसाच राहिला, उजव्या हातात! उजव्या हातानं खेळणारा मोजा डाव्या हातात घालतो. ग्रिपमध्येही, म्हणजे क्लब (गोल्फची काठी) धरताना, डावा हात वर, उजवा खाली. फ्लेक्सवरचा गडी डावखुरा होऊन बसला. नवीन बॅचची मुलं तो बघून क्लब उलटा धरायला लागली. एका पालकांनी, ते स्वतः खेळणारे, विचारलं, “सर, छापायच्या आधी तुम्ही बघितलं नव्हतं?” ग्रिप शिकवणाऱ्या माणसाला हे ऐकावं लागणं फार वाईट.

मी कुठलाही फोटो हातात आला की आधी मोजा बघते, रंगबिंग नंतर. आणि विकतचे फोटो घेतच नाही. आपलेच विद्यार्थी उभे करा, त्यात मुलीही हव्यात. टोकियो ऑलिंपिकमध्ये, 2021 साली, आपली गोल्फपटू अदिती अशोक चौथी आली. आपल्या लोगोंत अजून टोपीवाला पुरुषच क्लब फिरवतोय.

दुसरी चूक घाईची. नाव बदललं की लोक गूगलवर नवीन प्रोफाइल उघडतात आणि जुनं बंद करून टाकतात. पालकांनी वर्षानुवर्षं लिहिलेले रिव्ह्यू त्या जुन्याबरोबर गेले. जुन्याच प्रोफाइलमध्ये नाव बदला. गूगल पुन्हा पडताळणी मागेल, काही दिवस लटकवेलही, थांबा. यूपीआयचा क्यूआर त्याच दिवशी तपासा. बोर्डावर एक नाव आणि पैसे पाठवताना दुसरंच दिसलं, की फी भरणारा हात आखडता घेतो.

हिरवा लोगो हिरवळीवर दिसत नाही. गडद निळा किंवा पांढरा घ्या.

गोल्फचा चेंडू कमीत कमी 42.67 मिलिमीटर व्यासाचा, त्यावर खळगे. लोगो चेंडूवर छापायचा तर बारीक टॅगलाइन तिथे बसणार नाही, टोपीच्या भरतकामातही बुजेल. लोगोचं छोटं, बिनटॅगलाइनचं रूप आधी करून घ्या.

ट्रेडमार्कची नोंदणी झालेली नसताना नावाशेजारी गोलातला ‘आर’ (®) लावू नका. 1999 च्या ट्रेडमार्क कायद्याखाली त्यासाठी दंड होऊ शकतो. नोंदणीचा अर्ज करताना सेवेचा वर्ग निवडावा लागतो, शिकवणीसाठी वर्ग 41.

छापखान्याला व्हॉट्सअ‍ॅपवरचा जेपीजी पाठवू नका. डिझायनरचे शेवटचे पैसे देण्याआधी व्हेक्टर फाइल (कितीही मोठी केली तरी न फाटणारी) मागून घ्या, कोरलड्रॉची आणि पीडीएफ, दोन्ही.